कोंबडी आणि पक्षी : माया व उपजीविका

कुक्कुटपालकाची आपल्या कोंबड्यांवर माया असते काय, हा प्रश्न सामान्यतः नीतीच्या अंगाने चर्चिला जातो. प्रस्तुत टिपणात तो शब्दांच्या अंगाने पाहावयाचा आहे.

घरच्या कोंबडीस मराठीत वय व स्थिती यांप्रमाणे निरनिराळी नावे आहेत. अंड्यातून निघाले ते पिलू. अंडी घालण्याच्या वयास आलेली ती तलंग. अंडी उबवावयास बसली की ती खुडूक. ही नावे एकेका कोंबडीकडे पाहणाऱ्याची आहेत. तथापि ही माया निर्हेतुक नव्हे. अंडी विकली जातात. पाहुणा आला की कोंबडा कापलाही जातो.

व्यापारी कुक्कुटपालनात ‘कोंबडी’ मागे पडून ‘पक्षी’ येतो : ‘पाच हजार पक्ष्यांची बॅच’. ‘लेअर’ म्हणजे अंडी घालणारी, ‘ब्रॉयलर’ म्हणजे भाजून खाण्याचा. येथे नावातच उपयोग सांगितलेला आहे. ‘खुडूक’ शब्दाचे मूल्यही येथे पालटते. घरी खुडूक बसणे म्हणजे २१ दिवसांनी पिले. शेडमध्ये तो अंड्यांचा तोटा होय. म्हणूनच व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींत निवडीने हा स्वभाव बव्हंशी नाहीसा करण्यात आला.

या दोन व्यवस्था खानदेशात एकाच वर्षी कसोटीस लागल्या. नरडाणा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील गाव. त्याच मार्गावर पश्चिमेस असलेल्या नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला व व्यापारी शेडमधील लक्षावधी पक्षी नष्ट करण्यात आले. मार्चमध्ये पूर्वेकडील जळगाव जिल्ह्यात रोग दिसला, तो मुख्यतः घरगुती कोंबड्यांत. भरपाई दोन्हीकडे पक्ष्यामागे ठरली. शेडच्या हिशोबात ती निदान बसणारी होती. परंतु पुढची पिले जिच्याकडून व्हावयाची, त्या खुडूक कोंबडीस या दरपत्रकात वेगळा रकाना असण्याचा संभव नव्हता.

यावरून शेडचा मालक निष्ठुर ठरतो असे नव्हे. बॅच विकली जाणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक असता, एकेकीस नाव न देणे हा मनाचा बचाव असू शकेल. रोज पाणी, ऊब व खाद्य पाहण्यात त्याची काळजी समूहापुरती शिल्लक राहते. माया व उपजीविका यांचा तोल घरी ‘कोंबडी’ या शब्दाने साधला जातो, शेडमध्ये ‘पक्षी’ या शब्दाने. फरक इतकाच की, दुसऱ्या शब्दात एकटीचे मरण दिसत नाही.