मान कोणाचा, वाट कोणाची?

अनंत चतुर्दशीच्या दिवशी पुण्याच्या मध्यवर्ती पेठांतील सिग्नलकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. एरवी शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे जावे आणि बाजीराव रस्त्याने उत्तरेकडे परतावे, ही एकेरी वाहतूक पुणेकरांच्या अंगवळणी पडलेली. त्या दिवशी मात्र हे सारे नियम बासनात बांधून ठेवले जातात आणि रस्त्यावर सत्ता चालते ती मंगलमूर्तीची.

म्हणून तेथे नियमच नसतो, असे मात्र नव्हे. १८९४ साली विसर्जन मिरवणुकीच्या अग्रभागी कोणी असावे, असा वाद निघाला. तेव्हा लोकमान्य टिळकांनी ग्रामदैवत म्हणून कसबा गणपतीस पहिला आणि ग्रामदेवतेचा म्हणून तांबडी जोगेश्वरीच्या गणपतीस दुसरा मान दिला, असे सांगतात. त्यांच्यामागून गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. आम्हांस या क्रमात भक्तीइतकेच व्यवहाराचे शहाणपणही दिसते. एका अरुंद रस्त्यावर सर्वांनाच जायचे असेल, तर आधी कोण हे ठरलेले असावे लागते.

चौकातल्या दिव्याचा धर्म तरी दुसरा कोणता? एका फेऱ्यातले सेकंद तो चारी दिशांना वाटून देतो. जिकडे गर्दी अधिक तिकडे सेकंद अधिक. पण बोळातून येणाऱ्या एकट्या सायकलस्वाराची पाळीही यावीच लागते. मधला पिवळा दिवा चौकात शिरलेल्यांना बाहेर पडू देण्यासाठी असतो, वेग वाढविण्यासाठी नव्हे. आमची पुणेकर मंडळी हे सोयीस्करपणे विसरतात, ती गोष्ट निराळी.

मिरवणुकीत नेमकी हीच वाटणी बिघडते. मंडईतील टिळक पुतळ्यापासून मानाचे गणपती निघतात आणि बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागतात. इतर मंडळे कुमठेकर, केळकर आणि टिळक रस्त्यांनीही येतात. हे चारही प्रवाह अखेरीस टिळक चौकाकडेच वळतात. चार नळ एका हौदात सोडावेत आणि हौदाची मोरी मात्र एकच असावी, तशी ही गत! एखादे पथक चौकात अर्धा तास ढोल घुमवीत राहिले, की त्याच्या मागच्या प्रत्येक मंडळाचा तेवढा वेळ गेलाच. २०२२ साली मिरवणूक तीस तासांहून अधिक चालली. पुढच्याच वर्षी श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीने रात्रीची आपली वेळ सोडून दुपारी चारच्या सुमारास मार्गस्थ होण्याचे ठरविले. हा मनाचा मोठेपणा इतरांनीही गिरवावा, असे आम्हांस वाटते.

कारण या तीस तासांत पेठांतून माणसे राहतच असतात. त्यांत आजारी असतात, दिवस भरलेल्या लेकी-सुना असतात. २०१९ साली लक्ष्मी रस्त्यावरील त्या अफाट गर्दीत स्वयंसेवकांनी हाताला हात धरून रुग्णवाहिकेस वाट करून दिली, ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. पण ज्या बोळात रुग्णवाहिका शिरूच शकत नाही, तेथील लोकांनी काय करावे?

लक्ष्मी आणि केळकर रस्त्यांच्या मधल्या एका वाड्यात आमचे एक नातलग राहतात. काही वर्षांपूर्वी विसर्जनाच्या रात्री त्यांच्या वृद्ध मातोश्रींना धाप लागली. शेजारच्या मुलांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून उचलले आणि केळकर रस्त्यापर्यंत आणले. समोर मंडळाचा दोर ताणलेला, पलीकडे ढोलांचा कल्लोळ. एका मुलाने पुढे होऊन ताशेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खुर्चीकडे बोट दाखविले. ताशा थांबला, मागोमाग ढोल थांबले, दोर खाली आला. खुर्ची रस्ता ओलांडून ओंकारेश्वराच्या बाजूला उभ्या असलेल्या रिक्षापर्यंत पोहोचली. तेवढ्या गडबडीतही मातोश्रींनी गाड्यावरच्या मूर्तीला हात जोडले. रिक्षा नदीकडच्या रस्त्याला लागेपर्यंत मागे ताशा वाजला नव्हता.