पायात वाळा आणि पंचवीस हजार डेक्कन क्वीन

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्याला ओहोटी नकोशी वाटते. पाणी उतरतं, गाळ उघडा पडतो, लाँच अडते. पण हाच गाळ म्हणजे पावसाळा सरता सरता येणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडलेलं ताट! चिखल्ये, तुतवार, लिटल स्टिंट… उरण-न्हाव्यापासून ठाणे खाडीपर्यंतच्या चिखलात हजारो चोची एकाच वेळी खुपसलेल्या असतात.

त्यातला एक लिटल स्टिंट तळहातावर घेतलात, तर वजन किती भरेल? जेमतेम चोवीस ग्रॅम. दोन रुपयांची पाच नाणी! आणि हा आला कुठून? उत्तर सैबेरियाच्या टोकाकडून. तिथून मोऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढली तरी सहा हजार किलोमीटर भरतात. आपण मोजायला एक घरचं माप घेऊ या: मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन, 192 किलोमीटर. पाच नाण्यांएवढा हा जीव डेक्कन क्वीनच्या 31 फेऱ्यांएवढा रस्ता कापून आलेला आहे, आणि वाटाड्या कोणी नाही! किनाऱ्यावरच्या कित्येक जातींत आईबाप आधीच निघून जातात, पिल्लं मागून आपापली येतात.

हे कळतं कसं? पायातल्या वाळ्यामुळे. रात्री चिखलाकाठी मिस्ट नेट नावाचं बारीक जाळं लावायचं, अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, चोच-पंख मोजायचे, वजन करायचं, पायात क्रमांक कोरलेला धातूचा वाळा घालायचा आणि सोडून द्यायचं. डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन या शिक्षकाने 1899 मध्ये 165 मैनांच्या जातभाईंना, म्हणजे स्टारलिंगांना, ॲल्युमिनियमचे वाळे घातले. भारतात हे काम 1920 च्या दशकात पवारांच्या धार संस्थानात सुरू झालं. तेव्हापासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे आपल्या बीएनएचएसने, वाळे घातलेले पक्षी सात लाखांच्या घरात गेले आहेत. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये पाच हजार माणसं धरा. खच्चून भरलेल्या 140 लोकल! आणि या सगळ्यांना एकेक करून हातात घेतलेलं आहे.

वाळ्यांचं सोडा, नुसते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहा. जानेवारी 2019 च्या बीएनएचएसच्या मोजणीत मुंबई परिसरात एक लाख वीस हजारांच्या आसपास रोहित भरले. आणखी 24 लोकल, सगळ्या गुलाबी!

आता अंतरांकडे वळू, श्वास रोखून. 2013 मध्ये नागालँडात अमूर ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमचे उपग्रह-टॅग बसवले. पाच ग्रॅम, म्हणजे दोन रुपयांचं एक नाणं. दीडशे ग्रॅमचा हा ससाणा ते घेऊन भारत ओलांडतो, अरबी समुद्र ओलांडतो. 5,600 किलोमीटर, पाच दिवस दहा तास, मध्ये विसावा नाही. डेक्कन क्वीनच्या 29 फेऱ्या.

थोडं वाटतंय? 2022 मध्ये गॉडविट या किनारपक्ष्याचं पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्कातून उडालं आणि टास्मानियात उतरलं. 13,560 किलोमीटर, 11 दिवस. 70 फेऱ्या, आणि लोणावळ्याचा थांबासुद्धा नाही! इंधन काय? असं पिल्लू उडण्यापूर्वी अंगावर साधारण दोनशे ग्रॅम चरबी चढवतं. तेवढ्यावर पृथ्वीप्रदक्षिणेचा तिसरा हिस्सा. लिटरला साठ किलोमीटर देणाऱ्या मोटरसायकलला याच अंतरासाठी 226 लिटर पेट्रोल लागेल. लिटरला शंभर रुपये धरले तरी 22,600 रुपये!

आर्क्टिक सुरय तर दोन्ही ध्रुवांकडे ये-जा करतो. वर्षाला सुमारे 71,000 किलोमीटर, म्हणजे 370 फेऱ्या. वर्षाचे दिवस 365. हा सव्वाशे ग्रॅमचासुद्धा नसलेला पक्षी रोज मुंबईहून पुण्याला निघतो म्हणा ना, रविवारी, दिवाळीत, कधीही सुट्टी न घेता.

आणि चंद्र? 3,84,000 किलोमीटर. 192 ने भागा. बरोब्बर दोन हजार फेऱ्या! अर्जेंटिनात 1995 मध्ये वाळा घातलेला ‘बी 95’ नावाचा रेड नॉट पक्षी 2014 मध्येही दिसला होता. उत्तर कॅनडा ते दक्षिण अमेरिकेचं टोक अशा वाऱ्या करत त्याने चंद्राएवढं अंतर कापलं आणि वर बराच रस्ता परतीचाही.

पण मला सगळ्यांत थोर वाटते ती मिडवे बेटावरची अल्बट्रॉस मादी, विज्डम. तिच्या पायात वाळा पडला 1956 मध्ये. महाराष्ट्र राज्य जन्मायला अजून चार वर्षं होती! वाळे झिजले, बदलावे लागले, ती उडतच राहिली. अभ्यासकांच्या अंदाजाने तिने तीस लाख मैल, म्हणजे 48 लाख किलोमीटर अंतर कापलं असावं. पंचवीस हजार डेक्कन क्वीन! रोज जाऊन-येऊन केलं तरी 34 वर्षं लागतील. आणि 2024 मध्ये, चौऱ्याहत्तरीच्या आसपास, तिने पुन्हा अंडं घातलं.

उरण, पाणजे, ऐरोली, शिवडी, कुठेही चिखलाकाठी गेलात तर पक्ष्यांचे पाय पाहा. वाळा किंवा रंगीत पट्टी दिसली तर लांबूनच फोटो घ्या, पट्टीचा रंग आणि अक्षरं टिपा, जागा व तारीख लिहा आणि बीएनएचएसला कळवा. जिवंत पक्ष्याचा वाळा काढू नका, त्याला अजून परत जायचं आहे.