बाण डावीकडे का जातो?

लाकडी लाँगबो हाती घेतलेल्या नवशिक्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते: "नेम बरोबर धरला होता, पण बाण डावीकडे गेला." शिकवणारा म्हणतो, हात हलला असेल. पुष्कळदा तो हललेलाही असतो. परंतु काही वेळा दोष मुलाचा नसून बाणाचा असतो, आणि तो ओळखता आला नाही तर मुलगा उगाच स्वतःची चांगली सवय मोडून बसतो.

इंग्लंडच्या 'मेरी रोज' या १५४५ मध्ये बुडालेल्या युद्धनौकेचा सांगाडा १९८२ मध्ये वर काढण्यात आला. तिच्यावरची शेकडो वर्षे पाण्यात राहिलेली धनुष्ये पाहिली तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. आजच्या स्पर्धेतल्या धनुष्याच्या मुठीत बाणासाठी खाच कापलेली असते. लाँगबोला ती नाही. बाण मुठीवरच्या बोटाच्या सांध्यावर टेकतो आणि लाकडाच्या बाजूने जातो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याच्या बाबतीत ही बाजू डावी.

आता थोडी भूमिती करू. लाकडाची अर्धी जाडी १६ मिलिमीटर आणि बाणाची अर्धी ४, म्हणजे बाणाची मधली रेषा धनुष्याच्या मध्यापासून २० मिलिमीटर बाजूला आहे. बाणाची शेपटी मात्र दोरीवर, म्हणजे मध्यावरच असते. दोरी ७० सेंटिमीटर ओढलेली असताना बाणाचा तिरकेपणा ३५ ला १ असतो. नेम धरला जातो तो या स्थितीत. दोरी सुटून मूळ जागी, धनुष्यापासून १६ सेंटिमीटरवर येते तेव्हा तोच तिरकेपणा ८ ला १ होतो! बाण कडक लोखंडी सळईसारखा असता आणि या शेवटच्या दिशेने निघाला असता, तर ५० मीटरवर नेमापासून जवळजवळ पाच मीटर डावीकडे पडला असता. प्रत्यक्षात चांगला बाण नेमावर जातो. यालाच धनुर्धराचा विरोधाभास म्हणतात.

उलगडा १९३० च्या दशकात झाला. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान चित्रीकरणाने सुटणारा बाण टिपला. तो सरळ नव्हताच. सापासारखा वळवळत होता. बोटांवरून निसटताना दोरी किंचित बाजूला सरकते आणि मागून जोराचा धक्का बसतो, त्यामुळे बाणाचा मधला भाग आधी धनुष्याकडे वाकतो. मग तो उलट्या बाजूला वाकून लाकडापासून दूर होतो, आणि पुन्हा वळताना शेपटीची पिसेही लाकडाला न घासता निघून जातात. हे सारे सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात घडते. बाण धनुष्याला वळसा घालतो, असे म्हणायला हरकत नाही.

म्हणजे बाणाच्या लवचिकतेचा मेळ धनुष्याच्या जोराशी बसला पाहिजे. बाण फार ताठ असेल तर पुरेसा वाकत नाही आणि डावीकडे फेकला जातो. फार लवचिक असेल तर उजवीकडे. (डावखुऱ्याने दिशा उलट्या घ्याव्यात.)

ताठपणा वर्गातही मोजता येतो. बाण ६६ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवा, मधोमध ९०० ग्रॅम वजन टांगा आणि मध्य किती मिलिमीटर खाली येतो ते पट्टीने पाहा. ६६० ला या आकड्याने भागले की लाकडी बाणांचे धनुर्धर वापरतात तो आकडा मिळतो. १३ मिलिमीटर बाक आला तर उत्तर सुमारे ५०, म्हणजे साधारण ५० पौंड जोराच्या धनुष्यापासून अजमावून पाहण्याजोगा बाण. सुरुवात म्हणून तो ठीक; शेवटचा शब्द नव्हे.

कारण लांबी आणि जाडी यांचा परिणाम विलक्षण मोठा आहे. बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. ७६ सेंटिमीटरचा बाण कापून ७१ चा केला तर तो सुमारे २३ टक्के ताठ होतो. ८ मिलिमीटरऐवजी साडेआठ मिलिमीटरची काडी घेतली तर ताठपणा २७ टक्के वाढतो. अर्धा मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाही. जड फाळ लावला तर मात्र बाण अधिक लवचिक असल्यासारखा वागतो. म्हणून डावीकडे जाणाऱ्या बाणाला आधी जड फाळ लावून पाहावा, उजवीकडे जाणाऱ्याची लांबी थोडी कमी करावी. कापलेले लाकूड परत जोडता येत नाही, तेव्हा एका वेळी अर्धा सेंटिमीटर.

पण आधी दोष कोणाचा ते ठरवा. बाणांना क्रमांक द्या, प्रत्येक बाण पाच-सहा वेळा सोडा आणि तो कुठे लागला याची नोंद ठेवा. सगळे बाण घोळक्याने एकाच बाजूला लागत असतील तर बाणांचा मेळ तपासा. एकच क्रमांक नेहमी भरकटत असेल तर तो बाजूला काढा. नैसर्गिक लाकडात असे निघतातच. प्रत्येक बाण कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर हाताकडे वळा: मूठ घट्ट आवळून धनुष्य पिळले जाते का, दोरी सोडताना बोटे बाहेर ओढली जातात का, ओढलेला हात दर वेळी गालावर त्याच जागी येतो का.


नोंदी घेताना सर्वांनी नेम सोडणाऱ्याच्या मागे उभे राहावे, आणि शेवटचा बाण सुटल्याशिवाय कोणीही लक्ष्याकडे जाऊ नये.