स्वस्त एअर रायफल कशी पारखावी?

कॅडेट मित्रांनो,

मी मूळचा बेळगावचा आणि एका सैनिकी शाळेचाच जुना विद्यार्थी. गेली बावीस वर्षे बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात एका छोट्या कारखान्याच्या तपासणी खोलीत काम करतो. पीण्यात गल्लोगल्ली लेथ, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट, स्प्रिंगा आणि गेज बनवणारी छोटी दुकाने आहेत. माझे काम एकच. आलेला नग मापात आहे की नाही ते पाहायचे आणि नसेल तर तो परत पाठवायचा. इतकी वर्षे हे केल्यावर माणसाला वाटू लागते की आपल्याला कोणी फसवू शकत नाही. मी फसलो, म्हणूनच हा लेख लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याला नेमबाजीची ओढ लागली. तेव्हा तो नववीत होता. भावाने काटकसर करून थोडे पैसे जमवले आणि मला म्हणाला, "दादा, तू लोखंडातला माणूस. तूच बघून घे." स्पर्धेत वापरतात त्या परदेशी रायफली काही लाखांच्या घरात जातात. आमच्या खिशात बसणारी होती ती साधी, नळी मोडून स्प्रिंग ताणायची एअर रायफल. मी दुकानात गेलो. एका रायफलीचा काळा मुलामा आरशासारखा होता. दुकानदार म्हणाला, "साहेब, हजार फूट वेग आहे." मी ती घेतली.

महिन्याभराने पुतण्याचा फोन आला. "काका, माझा हातच स्थिर नाही. सर म्हणतात, दुसरा खेळ बघ." मला वाईट वाटले, पण दोष रायफलीचा असेल हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नाही. दिवाळीला गावी गेलो तेव्हा ती रायफल मी स्वतः चालवली. माझेही छर्रे तसेच विखुरले. दुसऱ्या एका मुलाची जुनी रायफल पुतण्याच्या हाती दिली, तर पाचही छर्रे एका जागी. हात चांगला होता, हत्यार वाईट होते.

आता मुद्द्याचे सांगतो. आमच्या खोलीत मापयंत्र तपासताना दोन प्रश्न वेगळे ठेवतात. एकच नग दहा वेळा मोजला तर दहाही वेळा तेच उत्तर येते का? आणि ते उत्तर खरे आहे का? रायफलीचेही तसेच. पाच छर्रे एकमेकांजवळ पण चांदाच्या डावीकडे बसले, तर काळजी नको. साइट फिरवली की ग्रुप मध्यावर येतो. पण पाच छर्रे पाच दिशांना गेले, तर कोणतीही साइट ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणून रायफल घेताना नेम पाहू नका, ग्रुप पाहा. ग्रुप मोजायचा तर सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्या आणि त्यातून छर्र्याचा व्यास, म्हणजे ४.५ मिलिमीटर, वजा करा. साध्या रायफलीने दहा मीटरवर, टेकू घेऊन मारलेले पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले, तर शिकण्यापुरती ती चांगली. स्पर्धेच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे असते हेही लक्षात ठेवा. तिथवर जायला पुढे वेगळे हत्यार लागेल.

इथे माझी दुसरी चूक सांगतो. ग्रुप तपासताना मी सवयीप्रमाणे रायफल वाळूच्या पिशव्यांमध्ये घट्ट आवळून बसवली. ग्रुप आणखी बिघडला! स्प्रिंगच्या रायफलीत घोडा ओढल्यावर जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफल आधी मागे आणि मग पुढे हलते. तिला दर वेळी सारखेच हलू द्यावे लागते. पुढचा हात मऊ टेकूवर ठेवा, त्याच्या उघड्या तळव्यावर रायफल नुसती टेकवा, आणि दर वेळी तीच जागा धरा. आवळलीत तर रायफलीचा नव्हे, तुमच्या पकडीचा दोष कागदावर दिसेल.

आता दुकानात काय पाहायचे ते क्रमाने.

पहिली गोष्ट सांधा. नळी मोडून उघडा आणि डावी-उजवीकडे हलवून पाहा. मग बंद करून पुन्हा हलवा. जराही खुळखुळली तर रायफल खाली ठेवा. काही रायफलींत मागची साइट सिलिंडरवर असते आणि पुढची नळीवर. अशा रायफलीत नळी दर वेळी वेगळ्या जागी बसली तर दोन्ही साइटचे नातेच बदलते. आमच्या रायफलीत नेमके हेच होते. सांध्याच्या खिळीचे भोक लंबगोल पाडलेले होते. वरून आरशासारखा मुलामा आणि आत ढिली खीळ!

दुसरी गोष्ट नळीचे तोंड. रायफल रिकामी आहे याची खात्री करा आणि कापसाचा बोळा तोंडाच्या आतल्या कडेवरून हलकेच फिरवा. जिथे कापूस अडकतो तिथे बर म्हणजे धातूचा कणा राहिला आहे. छर्रा नळी सोडताना शेवटचा स्पर्श याच कडेला करतो. कड एका बाजूने खडबडीत असेल तर मागची हवा वाकडी सुटते आणि छर्रा डुलतो.

तिसरी गोष्ट नळीचे पोट. दुकानदाराची परवानगी असेल तर सफाईच्या सळईने एक छर्रा मागून पुढे हळू ढकला. बोटांना सारखाच जोर जाणवला पाहिजे. मध्येच सैल, मध्येच घट्ट असेल तर नळी एकसारखी नाही. तोंडाजवळ किंचित घट्टपणा आला तर चालतो, काही चांगल्या नळ्या मुद्दाम तशा करतात. बाहेर आलेल्या छर्र्यावर आट्यांचे ओरखडे चारी बाजूंनी सारखे हवेत. पीण्यात लांब, सरळ भोक पाडण्याच्या पद्धतीला आजही गन ड्रिलिंगच म्हणतात. ही विद्या बंदुकीच्या नळीपासून आली आणि आता साच्यांच्या नि यंत्रांच्या भागांत वापरली जाते. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण १८४१ साली मांडणाऱ्या जोसेफ व्हिटवर्थनेही पुढे षटकोनी पोटाची रायफल बनवली होती. नळी आणि मोजमाप यांचे नाते असे जुने आहे.

चौथी गोष्ट घोडा. सामान तोलायचा साधा स्प्रिंगकाटा घोड्याला लावून पाच वेळा ओढा. वजन थोडे जास्त असले तरी हरकत नाही, पण पाचही वेळा सारखे हवे. सेफ्टी लावल्यावर घोडा सुटता कामा नये. हे रिकाम्या रायफलीवर करू नका. छर्रा नसेल तर पिस्टनसमोर हवेची गादी तयार होत नाही, तो सिलिंडरच्या टोकावर आदळतो आणि स्प्रिंग व सील खराब होतात. छर्रा भरून, सुरक्षित लक्ष्याकडे तोंड करूनच ही चाचणी घ्या.

पाचवी गोष्ट वेग. हजार फूट म्हणजे सेकंदाला सुमारे ३०५ मीटर. अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्याला हा वेग दिला तर ऊर्जा निघते २३ ज्यूलच्या वर. शाळेतलेच सूत्र आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. आपल्याकडे परवान्याशिवाय चालणाऱ्या एअर रायफलीची मर्यादा आहे ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूल. म्हणजे दुकानदाराचा आकडा एक तर अतिशय हलक्या छर्र्याचा, नाही तर कागदावरचा. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या रायफली सेकंदाला सुमारे १७५ मीटरनेच मारतात. वेग विकत घेऊ नका, सारखेपणा घ्या.

याशिवाय दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का आणि स्प्रिंग व सील सुटे मिळतात का हे विचारा. पक्के बिल घ्या. दोन-तीन प्रकारचे छर्रे मारून पाहा, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. नवीन रायफल पहिल्या काही डझन छर्र्यांत तेलाचा धूर सोडते, तेवढ्यावरून तिला नापास करू नका.

आणि हे तर कधीच विसरू नका. नळी उघडी असताना छर्रा भरेपर्यंत दुसऱ्या हाताने ती घट्ट धरून ठेवा. खटका सुटला तर नळी झटक्यात मिटते आणि बोट जाते. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नका. आणि रायफल रिकामी असली तरी ती भरलेली आहे असे समजूनच हाताळा.

त्या पहिल्या रायफलीचे पैसे परत मिळाले नाहीत. दुसरी मी माझ्या पगारातून घेतली, या वेळी मुलाम्याकडे पाहिलेच नाही. तिचा दस्ता ओबडधोबड आहे, पण सांधा पक्का आहे. पुतण्या शाळेच्या संघात निवडला गेला नाही, तिसऱ्या राखीव जागेवर राहिला. तरी रोज संध्याकाळी वीस छर्रे मारतो आणि कागद जपून ठेवतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणले. आपल्या शेजारच्याच मातीतली ही माणसे आहेत. आपल्यातला कोणी तिथवर जाईल की नाही ते मला ठाऊक नाही. पण ढिल्या खिळीपायी एखाद्या मुलाने "माझा हातच वाईट" म्हणून खेळ सोडू नये एवढेच वाटते.

ग्रुप बिघडला तर स्वतःला दोष देण्याआधी एकदा रायफल बदलून पाहा. आणि रायफल बदलूनही बिघडला, तर मग मात्र सरावाला लागा.

जय हिंद!