गरिबांच्या वाट्याचे औषध

दुर्गहून दल्ली-राजहऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मरोदा नावाचे स्टेशन आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेल्या या भागात नाना प्रांतांची माणसे नांदतात. मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. तेथील एका गृहस्थांशी बोलताना एचआयव्हीचा विषय निघाला. ते म्हणाले, "साहेब, ती औषधे श्रीमंतांची. आपल्याला परवडायची नाहीत. मग रक्त तपासून तरी काय करायचे?"

श्रोतेहो, या समजुतीला एके काळी आधार होता. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि मृत्यू झपाट्याने घटले; परंतु एका रोग्याचा वर्षाचा खर्च १०,००० डॉलरांच्या घरात होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. हा काही चमत्कार नव्हता. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने मक्तेदारी औषधावर न देता केवळ ते बनविण्याच्या रीतीवर दिली होती. त्यामुळे तेच औषध निराळ्या रीतीने बनविणे कायदेशीर होते. २००५ मध्ये हा कायदा बदलला. परंतु तोवर वाट खुली झाली होती. पुढे किंमत १०० डॉलरांच्याही खाली आली.

दुसरा समज असा की, गरीब व अल्पशिक्षित माणसाला रोजच्या गोळ्यांची वेळ पाळता येणार नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या एका बड्या अधिकाऱ्याने आफ्रिकेविषयी असेच उद्गार काढले होते. २००६ मध्ये अनेक पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा आफ्रिकेत सुमारे ७७ टक्के रोगी औषध नीट घेताना आढळले, तर उत्तर अमेरिकेत ५५ टक्के. गोळी चुकते ती बहुधा अडाणीपणामुळे नव्हे. प्रवासखर्च, केंद्रातील औषधाचा तुटवडा आणि लोकलज्जा ही खरी कारणे होत.

तिसरा समज, उपचाराला पैसे लागतात, हा. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळू लागली. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. त्याच वर्षीच्या, १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या कायद्याने नोकरी, शिक्षण व उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतके घटले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही.

अर्थात, सारे काही साधले असे नाही. २०२३ अखेर जगात ३ कोटी ९९ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांपैकी ३ कोटी ७ लाखांना उपचार मिळत होता. म्हणजे चौघांतील एक अजून बाहेरच होता. त्यांतील कित्येकांना आपल्याला लागण झाल्याचेही ठाऊक नव्हते.

मरोद्याच्या त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, "औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. परंतु तपासणीच केली नाही, तर ते तुमच्यापर्यंत येणार कसे?"