आईच्या ठोक्यांतून बाळाचे ठोके

स्क्रीनवर चार आलेख एकाखाली एक सरकत असतात. पोलंडमधल्या सिलेसिया वैद्यकीय विद्यापीठात, प्रसूतीच्या कळा सुरू असताना आईच्या पोटावरून टिपलेले, सेकंदाला १००० नोंदी या वेगाने. आईच्या ठोक्यांचे उंच सुळके चटकन डोळ्यांत भरतात. त्यांच्या अधेमधे, कधी त्यांच्यातच दडलेले, बाळाचे बारीक सुळके. वर स्नायूंची खरखर. या नोंदी संशोधनासाठी खुल्या आहेत आणि त्यांतून बाळाचं हृदय वेगळं काढणं हे माझं जिव्हाळ्याचं काम.

कुठल्या आलेखात आई किती नि बाळ किती, हे आधी ठाऊक नसतं. चारही आलेखांना चार गुणक लावून बेरीज करायची. गुणक बरोबर जमले तर आई वजा होते, बाळ उरतं. ते शोधायला मी उत्क्रांतीची रीत वापरते. जॉन हॉलंड यांनी १९७५च्या पुस्तकात ती सविस्तर मांडली: गुणकांचे वाटेल तसे संच घ्या, सरस तेवढे ठेवा, दोन संचांचे गुणक मिसळा, एखादा किंचित बदला, की पुढची पिढी तयार.

सरस कोण, हे मात्र माणसालाच सांगावं लागतं आणि खरं कसब तिथेच आहे. स्वतंत्र संकेत मिसळले की नोंदींचं वितरण घंटेच्या आकाराच्या वक्राकडे झुकतं. म्हणून त्या वक्रापासून जो दूर, तो मूळ स्रोताच्या जवळ. कर्टोसिस हे त्याचं एक माप. घंटावक्राला ते ३ येतं, टोकदार ईसीजीला बरंच जास्त. पण आईने कूस बदलली, इलेक्ट्रोड हलला आणि एकच मोठा झटका नोंदला गेला, तर कर्टोसिस त्यालाच डोक्यावर घेतं. काही पिढ्यांतच सगळे संच त्या झटक्यामागे लागतात.

मग मापच बदलायचं: सुळके साधारण सारख्या अंतराने येतात का, मिनिटाला ११० ते १६० या बाळाच्या गतीत बसतात का? साध्या मिश्रणासाठी हायव्हारिनेन आणि ओया यांची फास्टआयसीए ही पद्धत कितीतरी जलद आहे, पण तिला गुळगुळीत गणिती माप लागतं. उत्क्रांतीला नुसते गुण दिले की पुरे. या मोकळिकीसाठी मी तिचा संथपणा आनंदाने सोसते.

उत्तरात सुळके कधी खाली तोंड करून येतात, त्यांच्या उंचीवरूनही काही ठरत नाही. या गणितात ते तसंच असतं. वेळा मात्र अचूक हव्यात. संग्रहात बाळाच्या डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडची थेट नोंदही आहे. शोध संपेपर्यंत ती मी उघडत नाही. नंतर ती शेजारी मांडून एकेक ठोका ताडून बघते, विशेषतः जिथे दोघांचे ठोके एकाच क्षणी पडलेत तिथे.