देवाशी नाते

सावंतवाडी येथे पीठ असलेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली स्वतंत्र झाला. तथापि मालवण किनाऱ्यावरील ख्रिस्ती श्रद्धेचे अधिष्ठान केवळ अशा व्यवस्थेत नसून घराघरांतील सायंप्रार्थनेत आहे. ख्रिस्ती माणूस देवाला ‘पिता’ म्हणतो ते केवळ आदरार्थ नव्हे. आपला अपराध, आपले भय त्याच्यापुढे निःसंकोच मांडता येते, हा त्या संबोधनाचा अर्थ. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मराठी मनाला ही भाषा परकी वाटू नये. कोकणातच १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड ना. वा. टिळक पंथाने निराळे, प्रोटेस्टंट. परंतु तुकोबांच्या वाटेनेच ते ख्रिस्ताकडे गेले. १८९५ मधील त्यांच्या बाप्तिस्म्याने संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी दीक्षा घेतली ती १९०० साली, स्वतःच्या प्रतीतीने. आणि त्याआधी त्यांच्या मनातून गळून पडला तो जातिभेद. पतीची श्रद्धा पत्नीला उसनी घेता येत नाही, हे वैयक्तिक नात्याचे मर्म. मात्र वैयक्तिक म्हणजे खासगी नव्हे. देवाला पिता म्हणावयाचे आणि शेजाऱ्याला बंधू मानावयाचे नाही, ही विसंगती कोणत्याच धर्मात झाकत नाही. प्रार्थनेची कसोटी अखेर उंबरठ्याबाहेरच लागते.